जावयाच्या पेल्यातली पुडी

वेस्ट विंडसर
२ ऑक्टोबर, संकष्टी

आजी बोलत असताना फोन कापायचा, ही रीत तुला कुणी शिकवली? माझ्या लेकानं नाही शिकवली, त्याच्यात तेवढी धमक नाही. तुझ्या आईनं शिकवली असेल तर ती वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलीय, तिला मी बघून घेते. दहा वर्षांची होऊन अमेरिकेत येईस्तोवर तू माझ्या ताटात जेवलीस, माझ्या मांडीवर बसून बाराखडी गिरवलीस, आणि आता मला चोरासारखं विचारतेस, "आजी, तू त्याला काही दिलं होतंस का?" एकदा विचारलंस, मी नाही म्हटलं. परत विचारलंस, परत नाही म्हटलं. मग पुन्हा विचारलंस आणि उत्तर यायच्या आधीच फोन ठेवलास. ऐकायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला?

चि. अनयाला आशीर्वाद. राग आला तरी आशीर्वाद अडवता येत नाहीत, म्हणून लिहितेय.

पत्र अशासाठी, की पत्र मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, मला ठाऊक आहे.

काल शैलूनं मला जवळ बसवून सगळं नीट सांगितलं. ऑगस्टमधल्या त्या शनिवारच्या फुटबॉल मॅचनंतर तुझ्या नवऱ्याची लघवी तपासायला नेली, तीत बंदी असलेलं औषध निघालं. स्टिरॉइड. आता सुनावणी होईस्तोवर त्यानं खेळायचं नाही, क्लबच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही. सीझन संपल्यावर तिथल्या पोरांना शिकवायची नोकरी पक्की होती, ते लोकही आता "बघू" म्हणतायत. शैलू म्हणाला, "आई, छत्तिसाव्या वर्षी दोन वर्षांची बंदी म्हणजे कायमचीच. आणि बंदीपेक्षा वाईट म्हणजे नाव जातं." औषध पोटात कसं गेलं हे दाखवता आलं तर शिक्षा कमी होते म्हणे. पण तुझा आइतोर म्हणतो, मला माहीत नाही.

त्यालाच माहीत नाही, तर मला कुठून असणार?

मी तुमच्याकडे मिनेसोटात आले ती काय हवा खायला? अधिक महिना होता. जावयाला वाण द्यायचं असतं. तुझ्या आईला रजा नव्हती, म्हणून या वयात मी तांब्याचं ताम्हन आणि अनारशाचं पीठ घेऊन विमानात बसले. तेहतीस अनारसे तुमच्या त्या विजेच्या शेगडीवर तळले. त्यानं दोन खाल्ले आणि बाकीचे टीममधल्या पोरांना वाटून आला! मी काही बोलले का? बोलले, पण तू त्याला काय सांगितलंस कोण जाणे, तो माझ्याकडे बघून हसला. लग्नातही तसंच. मी मांडवात म्हटलं होतं, "हातानं कमावणारे पुष्कळ बघितले, हा पायानं पोट भरणारा पहिलाच." तू त्याच्या कानात काहीतरी कुजबुजलीस आणि तो वाकून माझ्या पाया पडला.

तर मी त्याला रोज निजताना पेलाभर हळद-दूध दिलं. गुडघा सुजला होता, म्हणून दिलं. तुझ्या आजोबांना दिलं, शैलूला दिलं, कुणाला आजवर शिक्षा झाली नाही.

फोन उचल.

आजी

*

वेस्ट विंडसर
९ ऑक्टोबर

तू फोन उचलला नाहीस. बरं.

सोमवार आहे, बर्था आली होती. बर्था म्हणजे आपल्याकडे घर पुसायला येते ती, एक्वाडोरची. तिची बोली तुझ्या नवऱ्याचीच, स्पॅनिश. तिच्या फोनमध्ये एक बाई आहे, बर्था बोलली की ती बाई मराठीत बोलते आणि मी बोलले की तिच्या भाषेत. बोलते शाळेतल्या बाईसारखी, पण समजतं.

मी बर्थाला म्हटलं, आमच्या जावयाचं नाव घालून बघ गं, काय येतं. त्याच्या गावाच्या पेपरात आलं होतं. तिनं अर्धा तास फडकं बाजूला ठेवून वाचलं.

अनया, मला या माणसाचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तू स्पॅनिश शिकायला क्लासला गेलीस, तो तिथंच इंग्रजी शिकायला यायचा, एवढंच मला ठाऊक. बाकी कधी विचारलं नाही. चेंडूला लाथ मारणाऱ्याचं विचारायचं काय? पेपरात फोटो आहे, नऊ वर्षांचा असेल, चड्डी गुडघ्याच्या खाली आलीय. गावाच्या क्लबात तेव्हापासून. सतराव्या वर्षी मोठ्या टीममध्ये. मग दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं. अगदी वरच्या लीगमध्ये एकच वर्ष मिळालं, तेही बहुतेक बाकावर बसून, कुणी दमलं की शेवटच्या घटकेला आत जायचं. तेवढ्यात गुडघा फाटला. मग ग्रीस, मग सायप्रस, मग इथे. जिथे बोलावलं तिथे गेला. गोल फार नाहीत. बर्थानं फोनमधल्या बाईकडून सांगितलं, "तो मधला खेळाडू आहे, तो दुसऱ्यांना देतो."

देतो म्हटल्यावर मला कळलं. पंगतीत वाढणारा असतो तसा. कुणाच्या पानात काय संपलंय ते जेवणाऱ्याच्या आधी त्याला दिसतं. ढेकर दुसरे देतात.

शेवटाला दोन ओळी होत्या. बर्थानं त्या वाचल्या आणि फोन उपडा ठेवला. मी म्हटलं, वाच. ती नाही म्हणते मानेनं. मी म्हटलं, बर्था, मी पंच्याहत्तर वर्षांची आहे, मला काय होतंय, वाच. मग फोनमधली बाई बोलली, "या गावाला वाटत होतं की आपण त्याला ओळखतो." क्लबच्या भिंतीवर त्याचा शर्ट टांगलेला होता, तो उतरवलाय. आणि त्याची आई म्हणालीय, माझ्या मुलानं ताप आला तरी गोळी घेण्याआधी टीमच्या डॉक्टरला विचारलंय, तो असं करणार नाही.

ती आई खरं बोलतेय.

आता ऐक. एकदाच लिहिते. दुधात नुसती हळद नव्हती. पुडी होती. आमच्या गावाकडचा पुडीवाला देतो ती, गुडघ्याची. मी स्वतः घेते, अर्धं गाव घेतं. झाडपाल्याची आहे, करडी, थोडी कडू. मॅचच्या आधीचा आठवडाभर रोज एक घातली. कडूपणा कळू नये म्हणून साखर जास्त टाकली.

त्याला सांगितलं नाही. तुलाही नाही.

पुड्या संपल्या. आता शिल्लक नाहीत, शोधायला लावू नकोस.

आजी

*

वेस्ट विंडसर
१५ ऑक्टोबर, घट बसले

खोटं लिहिलं होतं. पुड्या संपलेल्या नाहीत. घट बसवायला माझी पेटी उघडली तर कुंकवाच्या करंड्याखाली तशाच आहेत, रबर लावून. देवीपुढे हात जोडले आणि वाटलं, ही बघतेय. म्हणून आधी पेटी बंद केली आणि मग हात जोडले. अशी तुझी आजी.

मी तुला लिहिते हे शैलूला ठाऊक नाही. पत्र मी चालत जाऊन टाकते. पण काल त्यालाही सांगितलं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवायचा विसरला.

"आई, या पुड्या विमानतळावर दाखवल्या होत्यास?"

"काय दाखवायचं? साडीच्या घडीत होत्या."

"देवा! म्हणजे लपवून आणल्यास."

"साडीच्या घडीत ठेवणं म्हणजे लपवणं होय रे? मग मी बांगड्याही लपवल्या."

तुझी आई, सुवर्णा, म्हणाली, "अनयाला आत्ताच्या आत्ता फोन करा." तर तो म्हणाला, "थांब. यात आईचं नाव आलं तर तिच्या ग्रीन कार्डाचं काय? त्यांचा लॉयर आहे ना, तो बघेल. आपण गप्प बसायचं." सुवर्णा म्हणाली, "आणि जावयाचं काय?" त्यावर तो उठून भांडी घासायला लागला, मशीन असताना.

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. अंगाशी आलं की गप्प बसायचं, हे त्याला मीच शिकवलंय. तुझ्या आईला मी आजवर नावं ठेवली. काल या घरात खरं बोलणारी ती एकटी होती. हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

आता तू विचारशील, का घातलीस. त्याच्या गुडघ्याची कीव आली म्हणून, असं लिहायला बसले होते. लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शाईचा डाग दिसतोय ना वर, तो तोच.

खरं असं आहे. तुमच्या ईडन प्रेरीत मंडळाच्या बायका अधिकातलं भजन करत होत्या, तू मला तिथे सोडून ऑफिसला गेलीस. तुझ्या त्या मैत्रिणीच्या, हिमानीच्या सासूनं विचारलं, "नातजावई काय करतात?" मी म्हटलं, "कन्सल्टंट आहेत." "कुठल्या कंपनीत?" "स्वतःचीच आहे." कन्सल्टंट म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही, पण इथे तो शब्द टाकला की पुढे कुणी विचारत नाही. एरवी चाललंही असतं. पण तू मला न्यायला आलीस तेव्हा तुझ्याबरोबर तो होता, आणि हिमानीचा मुलगा देवांग ओरडत सुटला, "दॅट्स हिम!" सगळ्या बायका दारात. कुणी फोटो काढतंय, कुणी सही मागतंय. हिमानीची सासू म्हणते, "अहो, एवढे मोठे खेळाडू आणि तुम्ही सांगितलं नाहीत!"

आणि मी, जिनं भरमांडवात त्याला पायानं पोट भरणारा म्हटलं, ती मी ताठ होऊन म्हणाले, "आमच्यात मिरवायची पद्धत नाही. या शनिवारी सगळ्या जणी मॅचला."

त्याच संध्याकाळी तू सांगितलंस, गुडघा सुजलाय, शनिवारी कोच त्याला बाकावर बसवणार. तो सोफ्यावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. चेहरा असा, की ज्याला कळलंय आपलं होत आलं. तो चेहरा मी बघितला, अनया. बघितला नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात काय आलं माहितीय? हा बाकावर बसला, तर त्या बायकांपुढे माझं काय राहील?

म्हणून पुडी.

पुडी लागू पडली, तेच तर वाईट. शुक्रवारपर्यंत सूज उतरली, कोच खूश. शनिवारी तो पहिल्यापासून खेळला. मला खेळातलं काही कळत नाही, पण मी एकट्या त्याच्याकडे बघत होते. चेंडू यायच्या आधी मान वळवून सगळीकडे बघून घ्यायचा. आणि एकदा मैदानाच्या मधोमध उभा राहून, समोर न बघता, त्यानं पार पलीकडच्या पोराच्या पायापुढे चेंडू नेऊन ठेवला. ताटात पोळी ठेवतात तसा. त्या पोरानं गोल केला. सगळे त्या पोराच्या अंगावर पडले. हा मागे एकटा कमरेवर हात ठेवून उभा, हसत. हिमानीची सासू मला कोपरानं ढोसते, "आजी, जावई बघा तुमचा!" मी पदर सावरून बसले, जशी काही मीच धावले होते.

मॅच संपली आणि गळ्यात कार्ड अडकवलेला एक माणूस त्याच्या बाजूनं चालायला लागला, आत नेलं त्याला. हिमानीच्या सासूनं विचारलं, "कुठे नेतायत?"

मी म्हटलं, "बक्षीस द्यायला."

पुड्या पेटीत आहेत. मोजू नकोस, मला काढायला लावू नकोस, काय करायचं ते सांग. शैलू काही म्हणाला तरी मी करीन.

आजी

*

वेस्ट विंडसर
२५ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

माझ्या एकाही पत्राला तू उत्तर लिहिलं नाहीस. शैलूला मेसेज पाठवलास, "मंगळवारी चार वाजता व्हिडिओ कॉल, आजीला बसव, पुड्या उघडू नका." बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं.

काल दसरा. झेंडूचा हार दाराला होता आणि मी आत कोर्टात उभी राहावी तशी लॅपटॉपपुढे. तुमची वकील, ती प्रीता, चांगली वाटली. नाव आपलं, मराठीचा गंध नाही. म्हणून तू मधे. मी बोलायचं, तू तिला इंग्रजीत सांगायचं. जबानी कागदावर पुढच्या आठवड्यात होणार, ही नुसती बोलणी, असं तूच सांगितलंस.

तिच्या सांगण्यावरून पुड्या कॅमेऱ्यापुढे धरल्या, मग शैलूनं त्या पाकिटात घालून चिकटवल्या. चिकटवताना पाकीट दोनदा खाली ठेवलं. मी म्हटलं, "मरत नाहीस, चिकटव." ती म्हणाली, तपासणी होईल, पण अशा पुड्यांत बऱ्याचदा इंग्रजी गोळ्या कुटून घातलेल्या असतात. म्हणजे मीही इतकी वर्षं झाडपाला म्हणून तेच गिळत बसले. माझं तोंड सुजतं ते म्हातारपणानं, असं समजत होते. पण ती चूक माझ्या अंगावर माझी मी घेतली. त्याच्या अंगात मी परस्पर घातली.

मग तिनं विचारलं, तुम्ही त्याला सांगितलं का नाही? शैलूनं खाली बघितलं. मी बोलले. तुला आठवत असेल मी काय बोलले, पण पुन्हा लिहिते, कारण काल तू ते कुठेतरी सांडलंस. मी म्हटलं, "बायकांपुढे माझं नाक वर राहावं म्हणून. आणि सांगितलं असतं तर तो प्याला नसता, हे मला माहीत होतं. म्हणून सांगितलं नाही."

तू प्रीताला काय सांगितलंस? मला इंग्रजी येत नाही, पण "लव्ह" एवढं मला कळतं. घरात दिवसभर टीव्ही चालतो. ती बाई लगेच मऊ झाली, माझ्याकडे बघून मान तिरकी केली, म्हातारीकडे बघतात तशी.

मी लव्ह म्हटलं नव्हतं, अनया. तेहतीस अनारसे तळताना सुद्धा माझ्या मनात लव्ह नव्हतं, रीत होती. उद्या ते कागदावर चढेल, "आजीनं मायेनं दिलं", आणि वाचणारा म्हणेल, वा, काय प्रेमळ म्हातारी. त्याचं नाव धुवायचंय की माझं?

आणि तो. सगळा वेळ तुझ्या मागे भिंतीला टेकून उभा होता. प्रीतानं त्याला विचारलं, तुला कळलं होतं का. तो पुढे आला आणि माझ्याकडे बघून त्याच्या भाषेत बोलला. चांगलं मिनिटभर बोलला, थांबला, पुन्हा बोलला. आवाज चढला नाही, पण मानेची शीर मला दिसली. शैलूनंही वर बघितलं. आणि तू मला काय सांगितलंस? "आजी, तो म्हणतो, काही हरकत नाही."

एवढं लांब बोलला तो, आणि तू माझ्या पदरात एवढंसंच टाकलंस.

त्यात तो "लेचे" म्हणाला. दोनदा. लेचे म्हणजे दूध, बर्थानं शिकवलंय. तेव्हाच मला आठवलं, जे मी या पत्रांत कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या रात्री त्यानं पेला नाकाशी नेला, थांबला. माझ्याकडे बघितलं. मग तुझ्याकडे. तू हसून काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस ते मला माहितीय, कारण मीच तुला सांगितलं होतं त्याला सांगायला, की अधिकात आजीनं पुढे केलेलं जावयानं परत करायचं नसतं. आणि त्यानं पेला रिकामा केला. माझ्या डोळ्यांत बघत.

तापाची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारून घेणारा माणूस. माझी रीत मोडायला नको म्हणून प्याला. मग विचारलं कुणी तर म्हणाला, माहीत नाही. आजीला खुर्चीत बसवून प्रश्न विचारतील, ते नको म्हणून. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी चुकीचं समजत असेन तर तोच सांगेल.

लहानपणापासून तू अशीच. मी तुझ्या आईला टाकून बोलले की तिला गोड करून सांगायचीस, तिचं मला गोड करून सांगायचीस. आम्ही दोघी वीस वर्षं एका घरात राहिलो आणि एकमेकींचं खरं एकदाही ऐकलं नाही. तुझा दोष नाही, पोर होतीस, तुला घर शांत हवं होतं. पण आता पुरे.

तर काय करायचं ते सांगते. पुढच्या आठवड्यातल्या जबानीला तू मधे बसायचं नाहीस. प्रीताला सांग, बाहेरचा दुभाषा आण, जो मला ओळखत नाही आणि ज्याला माझी कीव येणार नाही. मी "नाक" म्हणेन, त्यानं नाकच लिहायचं. ग्रीन कार्डाचं शैलू रडतोय, त्याला मी सांगितलंय, घालवलं तर घालवलं, मला काय इथे नोकरी करायचीय? जावयाच्या गावच्या पेपरात माझं नाव आलं तरी चालेल. फोटो मागितला तर लग्नातला देऊ नका, त्यात मी हसतेय.

आणि ही पत्रं त्याला वाचून दाखव. पहिलंसुद्धा, खोटं लिहिलेलं. वाचताना काही गाळायचं नाही, काही गोड करायचं नाही. पायानं पोट भरणारा म्हटलं होतं तेही सांग. लग्नात त्याच्या कानात काय सांगितलंस ते मला नको सांगूस, त्याला सांग की ते खोटं होतं.

आता उत्तराचं. तू लिहायचं नाहीस. शैलूला मेसेज करायचा नाही, "तो रागावलेला नाही" म्हणून फोन तर मुळीच करायचा नाही. काल तो मिनिटभर जे बोलला, ते सगळं त्यानं कागदावर लिहायचं, त्याच्या भाषेत, शिव्या असल्या तर शिव्यांसकट. बर्था सोमवारी येते. तिला मी सांगून ठेवलंय, फोन उपडा ठेवायचा नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. पाकिटावर पत्ता तू घातलास तरी चालेल, आत तुझं एक अक्षर नको.

उत्तर आइतोररावांनी द्यायचं. दुसऱ्या कुणाचं आलं तर मी ते उघडणार नाही.

आजी